फोन करू नको, अभ्र्यांचं टेंडर चालू आहे

मुकुंदवाडी,
२० फेब्रुवारी २०२५

ताई, जय भीम.

सकाळपासून तुझे फोन येतायत आणि मी उचलत नाहीये. फोन उशीखाली दाबून ठेवलाय, तरी थरथरतोय. आईला वाटतंय आपलं भांडण झालं. भांडण काही नाही. तू आमच्या ऑफिसचं अभ्र्यांचं टेंडर भरणार आहेस, एवढंच झालंय.

मला कुठून कळलं विचारशील, तर शेजारच्या कडूबाईकडून. तिची भाची पैठणला तुझ्या शिवण गटात आहे. ती कडूबाईला बोलली, कडूबाई भिंतीवरून आईला बोलली आणि आईनं काल भाकरी थापता थापता मला सांगितलं, "रूपाली तुमच्या हापिसाला उशांचे अभ्रे द्यायचं बघतीय. आता काय, घरचंच काम झालं." घरचंच काम झालं म्हणे. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

आता तू म्हणशील, यात एवढं काय. तर बस आणि ऐक. आमचं महामंडळ मुलींच्या सरकारी वसतिगृहांना लागणाऱ्या वस्तू विकत घेतं. पलंग, गाद्या, चादरी, अभ्रे, बादल्या, कढया. मी खरेदी विभागात लागले तेव्हा तुला पेढे दिले, पण काम काय ते नीट सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. कडूबाईनं तेव्हा विचारलं होतं, "खरेदी म्हंजी पिशवी घिऊन शहागंजच्या बाजारात जायचं का?" मी हसले होते. पण खरं सांगू का, फार काही वेगळं नाही. पिशवी सरकारची असते, आणि जे घेतलं ते का घेतलं, हे कुणीही कधीही विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

मला हे काम लई आवडतं, ताई. बी.कॉम. करताना बँक नाहीतर तलाठी, यापलीकडे मला काही दिसत नव्हतं. आता मी वसतिगृहात टेप घेऊन उशा मोजते. मुली खिदळतात. एकीनं विचारलं, "मॅडम, उशीला ब्लाउज शिवताय का?" मी म्हटलं, हो, आणि बाही कुठं ठेवायची ते तूच सांग. तिनं खरंच सांगितलं. बटणं नकोत म्हणाली, धुण्यात तुटतात, नुसतं कापड आत दुमडून घ्या. ते मी तपशिलात घातलं. म्हणजे या अभ्र्याचं माप, कापड, शिलाई सगळं माझ्या हातनं लिहिलं गेलंय. ही माझी पहिली फाईल आहे. आणि आता त्याच फाईलवर माझी सख्खी बहीण येणार.

म्हणून आज गेल्या गेल्या तौर साहेबांसमोर उभी राहिले. इंद्रजीत तौर, आमचे खरेदी अधिकारी. आवाज चढवत नाहीत, पण चष्म्यावरून बघतात आणि तेवढ्यानं माणूस वितळतं. मी म्हटलं, साहेब, माझी बहीण टेंडर भरतीय. त्यांनी नातं जाहीर करायचा कागद पुढं केला. मी सही केली. फाईल माझ्याकडून निघून बद्रीनाथ काकांच्या टेबलावर गेली. बद्रीनाथ काका आमच्याकडचे जुने लिपिक, फाईल घेताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पोरगी सासरी घालवतेय. साहेब म्हणाले, "निकाल लागेपर्यंत या विषयावर बोलणं नाही."

तर मी ठरवलंय, फोनच बंद. तुझं माझं मला माहिताय. तू म्हणशील कशी आहेस, मी म्हणेन बरी आहे, आणि तिसऱ्या वाक्याला आपण अभ्र्यावर येऊ. तुला निरोप द्यायला आईला सांगितलंय. आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय तर मला अन्न गोड लागत नाही, म्हणून ही पत्रं लिहून कपाटात ठेवणार. निकाल लागला की सगळी एकदम तुझ्या हातात.

तुझी
सोनी


मुकुंदवाडी,
५ मार्च

ताई,

आज तुझं तोंड बघितलं आणि दिवसभर माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

टेंडर भरणाऱ्यांनी शंका विचारायची बैठक आज आहे हे मला माहीत होतं. तू येशील हेही माहीत होतं. मी मुद्दाम मागच्या जिन्यानं जात होते, आणि तू नेमकी मागच्याच जिन्यानं आलीस, कारण तुला कधीही पुढचं दार सापडत नाही. हिरवी साडी, खांद्याला पर्स, हातात पाण्याची बाटली. "सोने, अगं," म्हणून तू दोन्ही हात पसरलेस. मागं वाळूजच्या कारखान्याचे शिवराजशेठ येत होते. त्यांनाही अभ्र्यांचंच काम पाहिजे. मला काही सुचेना. मी म्हटलं, "मॅडम, बैठक वरच्या मजल्यावर आहे."

तुझे हात तसेच राहिले, ताई. मग तू पदर सावरलास आणि वर निघून गेलीस. मला तुझ्यामागं पळत यावंसं वाटत होतं. मी बादल्यांची फाईल छातीशी धरून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

पण पुढचं ऐक, कारण पुढचं लई भारी आहे. बैठकीत मी नव्हते, पण बद्रीनाथ काकांना पोटात काही ठेवता येत नाही. आणि बैठकीत जे होतं ते तर फळ्यावर लावायचंच असतं, त्यामुळं ते ऐकायला मला बंदी नाही. ते म्हणाले, "पैठणच्या त्या बाईनं साहेबांना गार केलं." तू म्हणे उभी राहिलीस आणि विचारलंस, चादरी आणि अभ्रे एकाच टेंडरमध्ये का बांधलेत? आमच्या टेबलावर चादरीचा पन्हा मावत नाही, अभ्रा मावतो. ज्याला दोन्ही जमतं त्यानं दोन्ही भरावं, पण ज्याला एकच जमतं त्यानं घरी बसायचं का? साहेबांनी विचारलं, तुम्ही पहिल्यांदाच भरताय का? तू म्हणालीस, "व्हय, म्हणूनच इचारती. दुसऱ्यांदा भरणाऱ्याला सवय झालेली असती."

साहेबांनी तिथल्या तिथं टेंडरचे दोन भाग केले. चादरी वेगळ्या, अभ्रे वेगळे. तपशील लिहिताना हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, घरी मी दोन्ही एकत्र धुते म्हणून मला ते एकच वाटलं. मला एवढा आनंद झाला की मी कॅन्टीनमध्ये बद्रीनाथ काकांना चहा पाजला. ते म्हणाले, कशाचा चहा? मी म्हटलं, बादल्यांचा.

रागावली असशील. रागाव. पण मला तुझा लई अभिमान वाटतोय, आणि हे कुणाला सांगता येत नाही ही मोठी शिक्षा आहे.

सोनी


मुकुंदवाडी,
२७ मार्च

ताई,

आज मी तुझं नुकसान केलं की काय ते मला अजून कळत नाहीये. आज नळाला पाणी यायचा दिवस आहे, ड्रम भरता भरता लिहितेय, अक्षर समजून घे.

नमुने आले. सगळी पाकिटं सारखी, वर नुसता नंबर. नमुन्यावर कुणाचं नाव नको, खूण नको, अशी अट आहे, म्हणजे तपासणाऱ्याला कुणाचा माल आहे ते कळू नये. तीन नमुने मोठ्या टेबलावर उघडून ठेवले होते. मी त्या टेबलाकडं बघणारच नव्हते. पण त्या हॉलमधूनच रस्ता आहे. जाता जाता एक अभ्रा दिसला आणि त्याच्या कोपऱ्यात आतल्या बाजूनं एक पिवळा टाका.

तुझा टाका. तुझ्या गटात प्रत्येक बाई आपल्या रंगाचा एक टाका कोपऱ्यात घालते, म्हणजे संध्याकाळी कुणी किती शिवलं यावर कटकट नको. कडूबाईच्या भाचीचा लाल, तुझा पिवळा. मागच्या दिवाळीला मीच बसून रंग वाटून दिले होते. तुम्हा बायांना ती खूण वाटलीच नसणार. हात सवयीनं चालले असतील. दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलंही नसतं. दोरा संपत आला म्हणून दुसरा लावला, असंच कुणीही म्हटलं असतं.

ताई, मी जिन्यात बसले आणि स्वतःशी लई भांडले. गप्प बसले असते तर कुणालाही कळणार नव्हतं. मी तर तपासणीत नाहीच. पण मग मला वाटलं, मी गप्प बसले आणि उद्या तुला काम मिळालं, तर ते काम तुला मिळालं की मी दिलं, हे मला जन्मभर कळणार नाही. तुलाही नाही. मग मी उठले आणि साहेबांना जाऊन सांगितलं की यातला एक नमुना मला ओळखू येतोय. कोणता ते सांगत नाही, पण खूण कोपऱ्यात आहे.

साहेबांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "अजून कुणाला ओळखू येईल?" मी म्हटलं, फक्त मलाच. "मग बाद करण्यासारखं नाही," ते म्हणाले, "नाव तर नाही ना लिहिलेलं." मग त्यांनी बद्रीनाथ काकांची पाकिटं कापायची कात्री मागवली, तपासणी समितीला समोर बसवलं आणि तिन्ही अभ्र्यांचे सगळे कोपरे कापून टाकले. कात्री बोथट. साहेब कापतायत आणि समिती कापड ताणून धरतीय. मी काचेतून बघत होते आणि मला एकीकडं हसू येत होतं आणि एकीकडं रडू. तुझी एवढी सुबक शिलाई, आणि तिचे कान कापल्यासारखं झालं.

आता हे तिन्ही कानकापे अभ्रे वसतिगृहात धुवायला जाणार.

सोनी


मुकुंदवाडी,
९ एप्रिल

ताई,

आधी गोड सांगते. धुण्याची तपासणी झाली आणि तुझा अभ्रा जसाच्या तसा राहिला. बाकीचे दोन उसवले. बद्रीनाथ काका सांगत होते, वसतिगृहातल्या एका मुलीनं कोपऱ्यातून लोंबणारा दोरा नुसता धरला आणि ओढला, तर अख्खी बाजू सरसर उघडी पडली, आणि सगळ्या मुली टाळ्या पिटायला लागल्या. कारखान्यातली शिलाई एकेरी दोऱ्याची, साखळीसारखी. कोपरा कापला की पुढं धरायला कुणी नाही. तुमच्या साध्या मशीनची दुहेरी दोऱ्याची, ती कुठंही कापली तरी तिथंच थांबते. मला नंबर कुणी सांगितला नाही, पण दुहेरी शिलाई कुणाची ते मला सांगायला कोण लागतंय? मी जिन्यात एकटीच नाचले. शिपाई शंकेनं बघून गेला.

आता कडू. शिवराजशेठनी हरकत घेतली. म्हणाले, नमुने कापायचं टेंडरच्या कोणत्या अटीत लिहिलं होतं? उशीवरच्या अभ्र्याला कोण कात्री लावतं? आणि ताई, त्यांचं बरोबर आहे. मला त्यांचा इतका राग आला, आणि तरीही त्यांचं बरोबर आहे. साहेबांनीही मान्य केलं. "कात्री माझी, चूक माझी," म्हणाले. आता सगळ्यांनी नवे नमुने द्यायचे, कसलीही खूण नसलेले. तपासणी परत, आणि यावेळी भरणाऱ्या सगळ्यांसमोर.

म्हणजे मी तोंड उघडलं म्हणून कात्री आली, कात्री आली म्हणून तू जिंकलीस आणि कात्री आली म्हणूनच तुझं जिंकलेलं गेलं. तुझ्या जागी मी असते तर माझी मानगूट धरली असती.

आई कालच पैठणहून आली. एसटीतून उतरली ती बोलतच उतरली. मी म्हटलं, मला काही सांगू नको. ती म्हणाली, "म्या काय टेंडरात हाय का? मला तोंड हाय, म्या बोलणार." मी मिक्सर लावला. तिनं मिक्सर बंद व्हायची वाट बघितली आणि सांगितलं. बाया तुझ्यावर उखडल्यात म्हणे. खूण नाही तर मोजणी कशी, मोजणी नाही तर शिवायचं कसं. कडूबाईची भाची म्हणते मी गट सोडते. आणि तू म्हणालीस, राहू द्या ते टेंडर, आपलं शाळेच्या पिशव्यांचं बरं चाललंय.

ताई, सोडू नको गं. हे मला तुला सांगता येत नाही, म्हणून इथं लिहितेय. सोडू नको.

सोनी


मुकुंदवाडी,
१५ एप्रिल

ताई,

काल मी पुंडलिकनगरात निशाच्या घरी दडून बसले होते. जयंतीच्या दिवशी.

तू लग्नानंतर एकही जयंती चुकवली नाहीस. दरवर्षी पोरांना निळे फेटे बांधून सकाळच्या एसटीनं येतेस, आणि संध्याकाळी मिरवणुकीत आपण दोघी पाय सुजेपर्यंत चालतो. काल तू येणार म्हणून मी पहाटे वंदना करून निघाले. निशा माझ्या कॉलेजची मैत्रीण, तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "बहिणीपासून लपायला कुणी सरकारी नोकरी करतं का?" तिच्या गच्चीवरून डीजे ऐकू येत होता. मी मोबाईलवर आपल्या गल्लीच्या मिरवणुकीचे फोटो बघत होते. एका फोटोत तू होतीस, एकटीच नाचत होतीस, आणि तोंडावर राग होता. रागात नाचणारी माझी एकच बहीण आहे.

रात्री घरी आले तेव्हा तू निघून गेली होतीस. आई म्हणाली, "रूपाली म्हणली, तिला नोकरी लागली नि बहीण जड झाली." मी म्हटलं, पण तू तिला निरोप दिला होतास ना, टेंडर चालू आहे म्हणून फोन नको असा? आई पुरणाचा डबा झाकत म्हणाली, "टेंडर-बिंडर मला म्हणता येत नाय. म्या म्हणले, सोनी म्हणती फोन करू नको." ताई, दोन महिने. दोन महिने मला वाटत होतं की तुला कारण माहिताय आणि तरी तू चिडलीस. आणि तुला मुळात नुसतं 'फोन करू नको' एवढंच पोचलं होतं.

आज ऑफिसात गेले तर डोळे सुजलेले. साहेबांनी विचारलं. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की साहेब, निकालापर्यंत मी बहिणीशी एक शब्द बोलले नाही, जयंतीला सुद्धा नाही. मला वाटलं शाबासकी मिळेल.

साहेबांनी चष्मा काढला. "हिवराळे, मी टेंडरवर बोलू नका म्हणालो होतो. बहिणीशी बोलू नका असं कधी म्हणालो?"

मी म्हटलं, "साहेब, आमच्या घरात विषय वेगवेगळे राहत नाहीत."

ते हसले, ताई. मी नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा. "ते तुमच्या घराचं झालं. पण तुमच्या नियमाला माझं नाव लावू नका." मग चष्मा परत लावत म्हणाले, "माझ्या मेहुण्यानं एकदा टेंडर भरलं होतं. मी त्याच्या लग्नात जेवलो, नाचलो, आणि त्याची फाईल शेवटपर्यंत बघितली नाही. दोन्ही जमतं माणसाला."

मी तिथूनच धावत खाली येऊन तुला फोन लावला. तू कट केलास. परत लावला, परत कट. मेसेज केला, तर त्यावर निळी खूण आली आणि उत्तर नाही. बरोबर आहे तुझं. मीही तेच केलं असतं, आपण एकाच आईच्या.

आता मला एकच भीती आहे. टेंडर तुला मिळो, नाहीतर शिवराजशेठना मिळो, ते मी सोसेन. तू मला परत सोने म्हणून हाक मारली नाहीस तर मात्र मी या नोकरीचं काय करू?

सोनी


मुकुंदवाडी,
७ मे

ताई,

काल संध्याकाळी निकाल लागला. अभ्र्यांचं काम तुमच्या गटाला. चादरी शिवराजशेठकडं. तुला मेसेज आलाच असेल, पण मला तुला हे लिहायचंच होतं, म्हणून परत लिहिते: अभ्र्यांचं काम तुमच्या गटाला.

नवीन तपासणीत तिन्ही नमुने नीट उतरले. शिवराजशेठनीही यावेळी दुहेरी शिलाई करून आणली होती. मग दर उघडले, आणि तुमचा कमी निघाला. कुणाची मेहेरबानी नाही, कुणाची कात्री नाही. मी त्यावेळी खालच्या मजल्यावर कढयांची जाडी मोजत होते. बद्रीनाथ काका जिन्यावरून वाकून म्हणाले, "पैठण," आणि मला कढई धरवेना.

हो, कढया. अभ्र्यांची फाईल आता मला परत मिळणार नाही. तुमची बिलं वर्षभर येत राहतील, म्हणून साहेबांनी मला स्वयंपाकघराच्या सामानाकडं बदललं. पहिल्यांदा मला वाईट वाटलं, माझी पहिली फाईल होती ती. पण आता कुकरच्या शिट्टीवर दीड पान लिहिलंय आणि मजा यायला लागलीय. पुढच्या महिन्यात पुण्याला खरेदीच्या प्रशिक्षणाला पाठवतायत. साहेबांनी माझ्या नावापुढं शेरा लिहिलाय, बद्रीनाथ काकांनी चोरून वाचला आणि मला सांगत नाहीयेत. नुसते हसतात.

बायांनी खुणेचं काय केलं ते आईनं सांगितलं. नमुने तू एकटीनंच शिवलेस, म्हणजे वाटणीचा प्रश्नच नाही. आणि ऑर्डरीसाठी कच्चा टाका घालायचा, मोजून झालं की ओढून काढायचा. कडूबाईची भाचीच म्हणाली म्हणे तसं. मला हे आवडलं.

ही सगळी पत्रं आईच्या पिशवीत घातलीयत. तिला सांगितलंय, मधलं काही गाळायचं नाही, आहे तसा गठ्ठा द्यायचा. वाच. मग शिव्या द्यायच्या तर दे, पण तोंडानं दे.

तुझी
सोनी


पैठण,
९ मे

सोने,

आई जेवायला बसली हाय, तवर लिहिती. ती आजच्याच गाडीनं माघारी येतीय. माझं अक्षर तुझ्यासारखं नाय, पण तू वाचशील.

पत्रं वाचली. सगळ्या बायांनी वाचली, म्हणजे म्या वाचून दाखवली. कात्रीच्या जागी सगळ्या एवढ्या हसल्या की दोघींच्या मशीनी बंद पडल्या.

मला राग आलता, खोटं कशाला बोलू. तुझ्या हापिसातून निघाले तर बस स्टँडपर्यंत मला काही दिसत नव्हतं. मॅडम म्हणली मला. ज्या पोरीची वेणी म्या घातली ती. जयंतीला आले ते मुद्दाम तुला दाखवायला आले की मी नाचू शकते तुझ्याबिगर. नाय नाचता आलं.

पण ते धुण्याच्या दुसऱ्या तपासणीचं तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाय. आम्ही सगळे वसतिगृहाच्या अंगणात उभे. शिवराजशेठ, तो तिसरा, नि मी. तुझ्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की मागची तपासणी रद्द का केली. म्हणले, आमच्याच एका कर्मचाऱ्याला एक नमुना ओळखू आला, त्यांनी स्वतः येऊन सांगितलं, म्हणून मी कोपरे कापले, ते चुकलं. नाव नाय घेतलं त्यांनी. पण पिवळा टाका वळखणारं माणूस तुमच्या हापिसात दुसरं कोण हाय, सोने? मी तिथंच रडायला लागले. शिवराजशेठला वाटलं बाई हरायच्या भीतीनं रडती. त्यानं आपल्या ड्रायव्हरला पाठवून मला पाण्याची बाटली आणून दिली, नि म्हणला, ताई, होतंय हो, धंद्यात असं होतंय. लई चांगला माणूस हाय तो. चादरी त्याला मिळाल्या, मला बरं वाटलं.

त्या दिवशी घरी येऊन तुझं नाव काढून फोन हातात घेतला. मग परत ठेवला. तू आता उचलशील, हे मला ठाऊक होतं. पण तपासणी झालती नि निकाल बाकी होता. मी म्हणले, आता जर ही उचलून माझ्याशी बोलली, तर मलाच हिचा राग येईल. आपल्या घरात विषय वेगळे राहत नाय, हे तू साहेबाला खरंच सांगितलंस. म्हणून मग म्याच फोन केला नाय. निकालापर्यंत आपली आपली दातखिळी बसवून बसले. नवरा म्हणतो, तुम्ही दोघी बहिणी नाय, एकच बाई दोन घरात राहती.

काल बायांनी एक ठरवलं. पुढच्या साली बी टेंडर भरायचं, आणि आता चादरीचं. मोठं टेबल करून घेणार हाय. म्हणजे माघाच्या आसपास परत तुझं नि माझं तोंड बंद. तू कढयात असलीस तरी मला भरवसा नाय, तू जिन्यात बसणारच.

म्हणून ऐक. सोमवारी बुद्धपौर्णिमा हाय, तुला सुट्टी हाय. रविवारीच ये, मुक्कामाला ये. खीर करती. अडीच महिन्यांचं सगळं बोलायचं हाय, ते आधी बोलू. मग मला तुझ्याशी भांडायचं हाय, त्या मॅडमवरनं, नीट, बसून, कुणी मधी न येता. ते झालं की पुढच्या टेंडरपर्यंतचं पण थोडं आगाऊ भांडून घेऊ. मध्ये वेळ मिळायचा नाय.

तुझी ताई